लहान आतड्याचं प्रत्यारोपण: डोस वाढवला की रिजेक्शन टळतं का?

एका ताईंनी विचारलं आहे: "माझ्या भावाच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि जवळजवळ सगळं लहान आतडं काढावं लागलं. तो आता टीपीएनवर आहे, म्हणजे पोषण शिरेतूनच द्यावं लागतं. त्या नळीला वारंवार इन्फेक्शन होतंय, म्हणून डॉक्टरांनी आतड्याचं प्रत्यारोपण सुचवलं आहे. शरीराने नवं आतडं नाकारू नये म्हणून नेमकं काय करतात? औषधांचा डोस पहिल्यापासूनच भरपूर ठेवला तर धोका टळेल ना? आणि मी माझ्या आतड्याचा तुकडा दिला तर रिजेक्शन होणारच नाही, हे खरं आहे का?"

ताई, मधला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत. डोस भरपूर ठेवल्याने धोका टळत नाही. प्रतिकारशक्ती फार दाबली की जंतुसंसर्ग होतो, आणि आतड्यातला जंतुसंसर्ग पुढे स्वतःच रिजेक्शन पेटवू शकतो. त्यामुळे रिजेक्शन टाळणं म्हणजे डोस योग्य त्या पट्ट्यात धरून ठेवणं आणि आतड्यावर सतत नजर ठेवणं. यातलं दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. घरच्यांना मात्र औषधांबद्दल भरपूर सांगितलं जातं आणि नजर ठेवण्याबद्दल कमी.

आतड्याचं प्रकरण मूत्रपिंड किंवा यकृतापेक्षा अवघड का, ते समजून घ्या. आतड्याच्या भिंतीत आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लसिकाग्रंथींत प्रतिकारपेशींचा प्रचंड साठा असतो. प्रत्यारोपणात दात्याच्या या पेशीही आतड्याबरोबर येतात. म्हणजे तुमच्या भावाच्या पेशी नव्या आतड्यावर हल्ला करू शकतात, आणि क्वचित दात्याच्या पेशी भावाच्या त्वचेवर, यकृतावर किंवा अस्थिमज्जेवर हल्ला करतात. या उलट्या हल्ल्याला जीव्हीएचडी म्हणतात. बाकीच्या अवयवांपेक्षा तो आतड्याच्या प्रत्यारोपणात जास्त दिसतो. शिवाय आतड्याच्या आतल्या अस्तरावर एचएलए नावाच्या ओळखखुणा ठळक असतात. परकं कोण हे शरीर त्यांच्यावरूनच ठरवतं.

यात भर म्हणजे आतडं जंतूंनी भरलेलं असतं. मूत्रपिंडात रिजेक्शन सुरू झालं तर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट बाहेर टाकू न शकलेला टाकाऊ पदार्थ, वाढतं, पण रक्तात जंतू शिरत नाहीत. आतड्यात रिजेक्शन झालं की अस्तर सोलवटतं आणि आतले जंतू थेट रक्तात उतरतात. मग पेशंटला एकाच वेळी रिजेक्शनही असतं आणि सेप्सिसही, म्हणजे रक्तात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग. पहिल्यासाठी प्रतिकारशक्ती आणखी दाबायला हवी, दुसऱ्यासाठी ती मोकळी सोडायला हवी. या कात्रीत सापडायचं नसेल तर रिजेक्शन अगदी सुरुवातीला, अस्तर शाबूत असतानाच पकडावं लागतं.

इतिहासही हेच सांगतो. मिनेसोटातल्या रिचर्ड लिलेहाय यांनी १९५९ साली कुत्र्यांमध्ये आतड्याच्या प्रत्यारोपणाचं तंत्र दाखवून दिलं. म्हणजे शिवणकाम तेव्हाच जमलं होतं. १९६० च्या दशकात माणसांवर जे प्रयत्न झाले, त्यातलं कुणीही फार काळ जगलं नाही. पुढे सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आलं आणि मूत्रपिंड व यकृताचं प्रत्यारोपण रुळलं, पण आतड्याला ते पुरेनासं झालं. १९८८ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात बहिणीच्या आतड्याचा भाग वापरून केलेलं प्रत्यारोपण टिकलं, आणि त्याच वर्षी कॅनडातल्या लंडन, ऑन्टारिओ इथे यकृत आणि आतडं एकत्र बसवलेला पेशंट जगला. खरा फरक पडला तो टॅक्रोलिमसमुळे. जपानमधल्या त्सुकुबा परिसरातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध १९८४ मध्ये मिळालं, आणि १९८९ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांच्या गटाने ते पेशंटना द्यायला सुरुवात केली. आज जगभर आतड्याच्या प्रत्यारोपणाचा कणा हेच औषध आहे.

आता तयारी. रिजेक्शन टाळण्याचं काम ऑपरेशनच्या कितीतरी आधी सुरू होतं. भावाच्या रक्तात इतरांच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार आहेत का, हे तपासतात. पूर्वी बरंच रक्त चढवलेलं असलं, आधी एखादं प्रत्यारोपण झालेलं असलं, किंवा पेशंट बाई असून तिची बाळंतपणं झालेली असली, तर अशा अँटिबॉडी असण्याची शक्यता वाढते. म्हणून प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या माणसाला हिमोग्लोबिन थोडं कमी आहे एवढ्यासाठी रक्त चढवू नये. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्त देणं अटळच असेल तर ते ल्युकोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, काढलेलं असावं. दाता मिळाल्यावर आधी संगणकावर आणि मग प्रत्यक्ष रक्तावर क्रॉसमॅच होतो, म्हणजे भावाच्या अँटिबॉडी या दात्याविरुद्ध आहेत का ते पाहतात. दात्याच्याच एचएलएविरुद्ध जोरदार अँटिबॉडी सापडल्या, तर तो दाता सोडून देणं बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं. रक्तगटही शक्यतो अगदी तोच घेतात. मूत्रपिंडासारखी इथे सवलत नाही.

यकृतही निकामी झालं असेल तर यकृत आणि आतडं एकाच दात्याकडून एकत्र बसवतात. अशा वेळी यकृत आतड्याला बऱ्यापैकी संरक्षण देतं, कारण ते रक्तातल्या घातक अँटिबॉडी शोषून घेतं. या पेशंटमध्ये दीर्घकालीन रिजेक्शन कमी दिसतं. पण भावाचं यकृत चांगलं असेल तर केवळ संरक्षणासाठी यकृत बदलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मिळालेलं यकृत तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा जीव वाचवू शकतं.

दात्याच्या शरीरातून काढल्यापासून आतडं बर्फात किती वेळ राहिलं, यालाही फार महत्त्व आहे. आतड्याला हा काळ फार सोसत नाही. सहा ते आठ तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू व्हावा अशी धडपड असते. वेळ लांबला की अस्तराला इजा होते आणि इजा झालेलं अस्तर प्रतिकारशक्तीचं लक्ष चटकन वेधून घेतं. म्हणून झेडटीसीसीकडून, म्हणजे अवयवांचं वाटप करणाऱ्या विभागीय केंद्राकडून, फोन आला की पेशंटने काही तासांत केंद्रावर हजर असावं लागतं. सोलापूर, नांदेडसारख्या ठिकाणाहून मुंबई-पुण्याला येणाऱ्या कुटुंबांनी वाट पाहण्याच्या काळातच केंद्राजवळ खोली बघून ठेवावी असं माझं मत आहे. ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने तिथेच राहावं लागणार असतं.

ऑपरेशनच्या टेबलावरच इंडक्शन सुरू होतं. म्हणजे पहिल्या धोकादायक आठवड्यांसाठी टी-पेशींना, परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींना, एकदम मोठा दणका. यासाठी बऱ्याच केंद्रांत थायमोग्लोब्युलिन देतात. सशांमध्ये तयार केलेल्या या अँटिबॉडी टी-पेशी नष्ट करतात. काही ठिकाणी अलेम्टुझुमॅब वापरतात, तर संसर्गाचा धोका जास्त वाटला तर बॅसिलिक्सिमॅब हे सौम्य औषध निवडतात. इंडक्शनची पद्धत साधारण २००० नंतर रुळली आणि पहिल्या तीन महिन्यांतलं रिजेक्शन त्यामुळे बरंच कमी झालं. ते संपलं मात्र नाही. आजही तीव्र रिजेक्शनचा एखादा तरी झटका येणं अपवादात्मक नाही, आणि तो आला म्हणजे सगळं बुडालं असंही नाही.

त्यानंतर रोजचं औषध टॅक्रोलिमस. तुमचं घर ज्याच्याभोवती फिरणार आहे ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रक्तातलं त्याचं प्रमाण, ज्याला वॉर्डात सगळे "टॅक्रो लेव्हल" म्हणतात, ते पहिल्या काही महिन्यांत बहुतेक केंद्रांत १० ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. मग ते हळूहळू खाली आणतात. लेव्हलसाठी रक्त सकाळचा डोस घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. घाईत आधी गोळी घेतली आणि मग रक्त दिलं, तर आकडा खोटा मोठा येतो, डोस कमी केला जातो आणि रिजेक्शनला वाव मिळतो. गोळी घेऊन झाली असेल तर तसं स्पष्ट सांगा, लपवू नका.

सगळ्यांना सारखा डोस लागत नाही. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइम जास्त काम करतं, त्यांना दुप्पट गोळ्या लागतात. शेजारच्या पेशंटच्या गोळ्या मोजून काळजी करू नका. ब्रँड परस्पर बदलू नका. दुकानदाराने "तेच औषध आहे, स्वस्त आहे" म्हटलं तरी आधी केंद्राला विचारा, आणि बदललाच तर काही दिवसांत लेव्हल करून घ्या. रोज दोनदा घ्यायची गोळी आणि दिवसातून एकदा घ्यायची लांब पल्ल्याची गोळी या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

दुसऱ्या औषधांशी टॅक्रोलिमसचं फार लवकर बिनसतं. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि डिल्टियाझेम यांनी लेव्हल वाढते. फेनिटॉइनने आणि क्षयाच्या रिफॅम्पिसिनने ती कोसळते. आपल्याकडे क्षय इतका आहे की याचा प्रसंग येतोच. प्रत्यारोपणाच्या पेशंटला क्षय झाला तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नेहमीचं रिफॅम्पिसिन सुरू होऊ देऊ नका. बऱ्याचदा त्याऐवजी रिफाब्युटिन देता येतं. फळांमध्ये ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस टाळायचं, दोन्हींनी लेव्हल वाढते. गुळवेलीचा काढा तर मुळीच नको. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणूनच लोक गुळवेल घेतात आणि इथे नेमकं तेच नको आहे. शिवाय गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. प्रेमाने काढा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

टॅक्रोलिमसच्या जोडीला स्टिरॉइड असतं आणि ते हळूहळू कमी करतात. मायकोफेनोलेटही देतात, पण त्याने स्वतःच जुलाब होतात आणि बायोप्सीत ते रिजेक्शनसारखं दिसू शकतं, म्हणून मी ते आतड्याच्या पेशंटमध्ये जपून वापरतो. सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस काही महिन्यांनी जोडता येतं. त्याने जखम भरायला उशीर होतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत नको. टॅक्रोलिमसने मूत्रपिंड थकायला लागलं, तर या औषधांच्या आधाराने त्याचा डोस कमी करता येतो.

आता नजर ठेवण्याबद्दल. आतड्याच्या रिजेक्शनला क्रिएटिनिनसारखी भरवशाची रक्ततपासणी नाही. सिट्रुलीन नावाचं अमिनो आम्ल मुख्यतः आतड्याच्या अस्तरात बनतं. त्याची पातळी चांगली असेल तर गंभीर रिजेक्शनची शक्यता कमी, एवढं ते सांगतं. पातळी घसरली तर काहीतरी बिघडलं आहे, पण काय बिघडलं आहे ते कळत नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत, आणि मूत्रपिंड बिघडलं असेल तेव्हाही, त्यावर विसंबता येत नाही. म्हणून शेवटी आत जाऊन पाहावंच लागतं. त्यासाठीच नव्या आतड्याचं टोक पोटावर स्टोमा म्हणून काढून ठेवतात. घरचे लोक त्या बॅगेला फार घाबरतात. खरं तर ती नव्या आतड्यात डोकावायची खिडकी आहे, आणि पहिल्या महिन्यांत तिच्यासारखं दुसरं साधन नाही.

पहिल्या महिन्यात साधारण आठवड्यातून दोनदा स्टोमातून स्कोपी करतात, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून पाहतात, आणि अनेक ठिकाणचे छोटे तुकडे घेतात. नंतर आठवड्याला एकदा, मग महिन्याला. पेशंट ठणठणीत असला तरी ही बायोप्सी चुकवायची नसते. "आज बरं वाटतंय, राहू दे ना डॉक्टर," असं म्हणणाऱ्याचीच स्कोपी मी आग्रहाने करतो. रिजेक्शन ठिगळाठिगळांनी होतं. एका जागचा तुकडा स्वच्छ निघतो आणि दहा सेंटिमीटरवर रोग असतो. पॅथॉलॉजिस्ट अस्तराच्या तळाशी असलेल्या क्रिप्ट नावाच्या खळग्यांमध्ये किती पेशी स्वतःहून मरत आहेत ते मोजतात. दहा क्रिप्टमध्ये अशा सहा किंवा जास्त पेशी दिसल्या, इजा आणि सूजही असली, तर सौम्य रिजेक्शन धरतात. क्रिप्टच नाहीशा झाल्या आणि अस्तर झडलं तर ते तीव्र. ज्या केंद्रात हे वाचणारा सरावलेला पॅथॉलॉजिस्ट आहे आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात मिळतो, तिथेच हे ऑपरेशन व्हावं. केंद्र निवडताना सर्जनच्या नावाबरोबर हेही विचारा.

घरी काय बघायचं? स्टोमातून पडणारं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं. ते अचानक वाढलं, किंवा अचानक थांबलं, रक्त दिसलं, स्टोमाचा लालसर गुलाबी रंग काळपट किंवा फिकट झाला, ताप आला, पोट फुगलं, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी फोन करायचा. सोमवारपर्यंत थांबायचं नाही.

इथेच सगळ्यात मोठी चूक होण्याची भीती असते. स्टोमाचं पाणी वाढण्याची दोन मुख्य कारणं, रिजेक्शन आणि संसर्ग, बाहेरून हुबेहूब सारखी दिसतात. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, ॲडिनोव्हायरस, सीएमव्ही हे विषाणू आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू, सगळे हेच करतात. बायोप्सी आणि शौचाची तपासणी न करता स्टिरॉइडचा मोठा डोस दिला आणि आत विषाणू असला, तर आगीत तेल ओतल्यासारखं होतं. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल बहुतेक वेळा वाढते, कारण औषध मोडणारं आणि परत ढकलणारं अस्तरच दुखावलेलं असतं. वाढलेली लेव्हल पाहून "म्हणजे रिजेक्शन नसणार" असा निष्कर्ष काढायचा नाही. जुलाब थांबल्यावर ती लेव्हल झपाट्याने खाली येते, तेव्हा डोस वेळेवर परत वाढवावा लागतो. विषाणूच्या संसर्गानंतरच्या त्या दोन-तीन आठवड्यांत मी रिजेक्शनची वाटच पाहत असतो.

आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या शरीरात सीएमव्ही आधीपासून झोपलेला असतो. तो जागा होऊ नये म्हणून पहिले काही महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर देतात. ईबीव्ही या दुसऱ्या विषाणूचं प्रमाणही रक्तात तपासत राहतात, कारण प्रतिकारशक्ती फार दाबलेली असेल तर त्यातून लिम्फोमासारखा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आजार उद्भवू शकतो. घरात लहान मूल असेल तर एक लक्षात ठेवा: पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो आणि तो मुलाच्या शौचातून बाहेर पडतो. पल्स पोलिओच्या आधी केंद्राशी बोला, त्या मुलाला इंजेक्शनची लस देण्याबद्दल विचारा. रोटाव्हायरसची लस घेतलेल्या बाळाची लंगोटही भावाने बदलू नये. भावाच्या स्वतःच्या लशी शक्यतो प्रत्यारोपणाआधीच पूर्ण करा. नंतर जिवंत विषाणूच्या लशी देता येत नाहीत.

रिजेक्शन सापडलंच तर सौम्य असताना मेथिलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस आणि टॅक्रोलिमसची वाढ एवढ्याने बहुतेक वेळा आवरतं. काही दिवसांत बायोप्सी पुन्हा करून ते पक्कं केलं जातं. आवरलं नाही किंवा पहिल्यापासूनच तीव्र असेल तर थायमोग्लोब्युलिन. चिवट प्रकारात इन्फ्लिक्सिमॅबचा उपयोग होतो. अँटिबॉडीमुळे झालेलं असेल तर प्लाझ्मा बदलणं, इम्युनोग्लोब्युलिन, रिटुक्सिमॅब, बोर्टेझोमिब असे उपाय आहेत. अस्तर पूर्ण झडलं आणि सेप्सिस हाताबाहेर गेलं, तर आतडं काढून टाकून, प्रतिकारशक्ती मोकळी करून जीव वाचवावा लागतो. हा निर्णय घेताना उशीर करू नये. माणूस टीपीएनवर परत जगू शकतो आणि पुढे दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विचारही होऊ शकतो.

दीर्घकालीन रिजेक्शन हा वेगळा शत्रू आहे. यात आतड्याला रक्त देणाऱ्या धमन्या आतून जाड होत बंद होत जातात. वरवरच्या बायोप्सीत ते सहसा दिसत नाही. वजन घटतं, पोट दुखतं, जुलाब चालू राहतात आणि मग संशय येतो. यावर अजून खात्रीचं औषध नाही. म्हणून दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी नव्याने तयार होत आहेत का, हे वर्षानुवर्षं तपासत राहायचं आणि एकही डोस चुकवायचा नाही. जागतिक नोंदणीच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात जगण्याचं प्रमाण पहिल्या वर्षी ७६ टक्के, पाच वर्षांनी ५६ आणि दहा वर्षांनी ४३ टक्के होतं. त्याच अहवालात दिसलं की घरून येऊन प्रत्यारोपण झालेल्यांचे निकाल रुग्णालयात खितपत पडलेल्यांपेक्षा चांगले होते. म्हणजे भावाची तब्येत बरी असताना नाव नोंदवा, नळीचं इन्फेक्शन त्याला पुरतं खचवेपर्यंत थांबू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बहिणीचं आतडं असलं तरी रिजेक्शन होऊ शकतं. रिजेक्शनची भीती जवळजवळ नसते ती फक्त एकसारख्या जुळ्यांत. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि पूर्ण जुळलं तरी औषधं आयुष्यभर घ्यावीच लागतात. फायदा वेगळा आहे: ऑपरेशन ठरवून करता येतं, आतडं बर्फात जेमतेम थोडा वेळ राहतं, आणि संसर्गांची तपासणी निवांत होते. साधारण दोन मीटरपर्यंत आतड्याचा भाग काढतात आणि मोठ्या आतड्याजवळचा शेवटचा भाग तुमच्याकडेच ठेवतात, म्हणजे तुमचं ब-१२ जीवनसत्त्वाचं शोषण टिकावं. सख्खी बहीण म्हणून कायद्याने तुम्ही जवळच्या नातेवाइकांत येता.

पण तुमच्या बाबतीत क्रॉसमॅचच्याही आधी मी एक गोष्ट तपासेन. भावाचं आतडं गुठळीमुळे गेलं आहे. ती गुठळी का झाली हे शोधलं आहे का? प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन, फॅक्टर फाइव्ह लायडन आणि जॅक-टू या तपासण्या त्याच्या झाल्या नसतील तर आधी त्या करून घ्या. यातला आनुवंशिक दोष त्याच्यात निघाला तर तो तुमच्यातही असू शकतो. तसं असेल तर तुमच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया करणं तुमच्याच जिवावर बेतू शकतं, आणि मग भावासाठी मृत दात्याच्या यादीत नाव नोंदवणं हाच मार्ग उरतो. दोष निघाला नाही तर तुमचा रक्तगट, क्रॉसमॅच आणि आतड्याच्या रक्तवाहिन्यांचा सीटी, या क्रमाने पुढे जाता येईल.